कार्लाइलचा क्वार्टरबॅक

९ नोव्हेंबर १९१२ रोजी वेस्ट पॉइंटच्या मैदानावर अमेरिकेच्या लष्करी अकादमीचा फुटबॉल संघ २७-६ असा हरला. हरवणारी मुलं पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन शाळेची, म्हणजे अमेरिकेच्या मूळनिवासी जमातींमधली होती. वुंडेड नी इथं त्याच देशाच्या लष्कराने लाकोटा जमातीच्या लोकांची, बायाबापड्या आणि पोराबाळांसकट, कत्तल केली त्याला तेव्हा पुरती बावीस वर्षंही झाली नव्हती. त्यामुळे या सामन्याची गोष्ट सांगताना ‘सूड’ हा शब्द हमखास येतो. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा माझाही ऊर भरून आला होता. आता मात्र तो शब्द त्या मुलांवर अन्याय करतो असं मला वाटतं.

कार्लाइलची शाळा रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ साली एका जुन्या छावणीत सुरू केली. आल्या आल्या मुलांचे केस कापत, नावं बदलत, मातृभाषेत बोललं तर शिक्षा करत. माणूस वाचवायचा तर त्याच्यातला इंडियन मारला पाहिजे, असं प्रॅट उघड म्हणत. एका मुलाचा पाय मोडला तेव्हा त्यांनी बाहेरच्या संघांशी फुटबॉल खेळणंच बंद केलं होतं. मुलं आर्जवं करायला आली तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या: समोरच्याने मारलं तरी हात उचलायचा नाही, आणि काही वर्षांत देशातल्या सर्वांत बलाढ्य संघाला हरवायचं.

मुलं खेळू लागली आणि शाळेला एक वेगळीच गोष्ट उमगली. वर्गात जे इंडियनपण पुसायचं, त्याच्याच नावावर तिकिटं खपत होती. म्हणून मोठे सामने परगावी, जिथं प्रेक्षागार मोठं तिथं. संघ महिनोन्‌महिने आगगाडीत. वर्तमानपत्रं प्रत्येक सामन्याचं वर्णन टोळ्या, कुऱ्हाडी आणि युद्धनाद यांच्याच भाषेत करत. आपण ‘सूड’ म्हणतो तेव्हा त्याच भाषेत बोलतो, फक्त बाजू बदलून.

खेळ कसा होता ते पाहायला हवं. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत घुसायचं असतं; शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन. सुरुवातीला ही नुसती रेटारेटी होती. १९०५च्या हंगामात इतकी मुलं दगावली की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना त्यात लक्ष घालावं लागलं. पुढच्या वर्षी चेंडू पुढे फेकण्याची, म्हणजे फॉरवर्ड पासची, मुभा मिळाली. वजनदार गड्यांच्या श्रीमंत कॉलेजांना त्याची फारशी गरज वाटली नाही. कार्लाइलची मुलं अंगाने हलकी, संख्येनं थोडी. त्यांनी तो पास आपलासा केला आणि १९०७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला २६-६ असं हरवलं. १९११ मध्ये हार्वर्डविरुद्ध कार्लाइलच्या जिम थॉर्पने दुखऱ्या पायाला पट्ट्या बांधून चार फील्ड गोल मारले. सामना १८-१५ असा कार्लाइलने जिंकला.

वेस्ट पॉइंटला प्रशिक्षक ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर यांनी खेळाडूंची नवी मांडणी केली होती. चेंडू कुणाच्या हातात आहे हेच समोरच्यांना कळेना. त्या काळी प्रशिक्षकाला बाहेरून सूचना द्यायला नियमाने मनाई होती. कोणती चाल कधी खेळायची हे क्वार्टरबॅक ठरवायचा. कार्लाइलचा क्वार्टरबॅक होता गस वेल्च, विस्कॉन्सिनमधला ओजिब्वे तरुण. सामना थॉर्पचा म्हणून सांगितला जातो. समोर पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला आयझेनहॉवर होता, म्हणूनही सांगितला जातो. पण तीन टचडाउन केले ते ॲलेक्स आर्कासाने. दांडगाईबद्दल अकादमीच्या कर्णधाराला मैदानाबाहेर काढलं गेलं. मला हा सामना विचार करणाऱ्या मुलांचा वाटतो. त्यांना ‘योद्धे’ म्हटलं की त्यांचा विचार दिसेनासा होतो.

आठवड्याने ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ३४-२६ असे हरले. पुऱ्या हंगामात चौदा सामने, बारा विजय, एक बरोबरी, हा एकच पराभव, आणि पाचशेच्या वर गुण. जानेवारी १९१३ मध्ये बातमी फुटली की थॉर्प पूर्वी दोन उन्हाळे किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं, म्हणून स्टॉकहोम ऑलिंपिकमधली त्याची दोन्ही सुवर्णपदकं काढून घेतली गेली. आपल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं वॉर्नर म्हणाले. शाळेला आणि प्रशिक्षकाला त्याच्या खेळाचा जो पैसा मिळत होता, त्याबद्दल तेव्हा कुणी विचारलं नाही.

विचारलं ते वेल्चने. शाळेच्या कारभाराची चौकशी व्हावी म्हणून त्याने पुढाकार घेऊन अर्ज केला. त्यावर दोनशेच्या वर विद्यार्थ्यांनी सह्या केल्या. फेब्रुवारी १९१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसची समिती कार्लाइलला आली. ज्यांच्या हाताखाली तो जिंकला होता, त्या वॉर्नर यांच्याविरुद्ध त्याने साक्ष दिली: ते मुलांना शिवीगाळ करतात, मुलांशी वाईट वागतात. फुटबॉलचा निधी शाळेच्या नेहमीच्या हिशेबाबाहेर ठेवला जात होता, हेही चौकशीत उघड झालं. शाळेचे अधीक्षक गेले, पुढे वॉर्नर पिट्सबर्गला गेले, आणि १९१८ मध्ये शाळा बंद पडली. वेल्च कायदा शिकला, आणि १९१९ पासून चार हंगाम वॉशिंग्टन स्टेट कॉलेजच्या संघाचा प्रशिक्षक होता.