बहिणाबाईंना माफ

धुळ्याच्या पाच कंदील बाजारात भाजी घेताना अहिराणीत 'काय भाव शे?' विचारणारी माणसं पांझरेचा पूल ओलांडून देवपुरातल्या कॉलनीत शिरली, की फाटकाशी स्कूटर लावेपर्यंत 'आहे'वर आलेली असतात. गावाहून फोन आला तर बोलायला मागच्या खोलीत जायचं. हॉलमध्ये मुलाचे मित्र बसलेले असतात ना! धुळ्यात हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की यात कुणाला काही खटकतही नाही.

पुण्याची माणसं आपल्याला हसतात, ही तक्रार खान्देशी माणूस मोठ्या हौसेनं करतो. तिला आधारही आहे. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या नेमाड्यांनी 'कोसला' या कादंबरीत (1963) खान्देशातून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर उभा केला. तेव्हापासून तर या तक्रारीला साहित्यिक प्रतिष्ठाही मिळाली. पण पुण्याचं हसणं दूरचं. रोजचं, चिवट हसणं घरातलंच असतं. ज्याच्या वडिलांनी शेत सोडून मास्तरकी धरली, तो शेतात राहिलेल्या चुलतभावाला 'गावंढळ' म्हणतो. उतरंड तिथंही थांबत नाही. अहिराणी बोलणारा साक्री-शिरपूरकडच्या आदिवासी माणसाच्या मराठीची नक्कल करून चारचौघांना हसवतो, आणि त्यात त्याला स्वतःवर झालेला अन्याय आठवत नाही.

अशा वेळी नाक मुरडणारा म्हणतो, माझ्या कानाला खटकतं, त्याला मी काय करू? या कानाची परीक्षा शाळेत घेता येते. मराठीच्या तासाला एखादा पोरगा 'पानी' म्हणाला की वर्ग खिदळतो आणि सर 'पाणी, पाणी' असं दोनदा म्हणवून घेतात. पुढच्या तासाला हिंदीचं पुस्तक उघडतं. तोच पोरगा, तोच 'पानी', आणि आता उच्चार अगदी शुद्ध! तासाभरात काही कान बदलत नाही. म्हणजे कानाला 'न' बोचत नव्हता. बोचत होतं ते त्या 'न'मागचं घर, शेणाचा वास, वडिलांचं धोतर.

याहून मोठी गंमत बहिणाबाईंच्या बाबतीत होते. 1880 साली जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेली, अक्षरओळख नसलेली ही शेतकरी बाई. 1951 मध्ये ती गेली. मुलगा सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळे 1952 मध्ये तिची गाणी पुस्तकरूपानं आली. त्या गाण्यांची बोली लेवा पाटीदारांच्या घरातली. तिच्यात 'ळ'चा 'य' होतो आणि 'ण'चा 'न' होतो. (बाहेरचे लोक तिला सरसकट अहिराणी म्हणतात आणि जळगावकडची मंडळी त्यावर चिडतात. त्या चिडण्यातही थोडी उतरंड असतेच.) आज ही गाणी पाठ्यपुस्तकांत आहेत. 2018 मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला तिचं नाव दिलं गेलं. वर्गात तिचे 'डोये' भक्तिभावानं वाचले जातात, आणि मधल्या सुट्टीत कुणी 'माझे डोये दुखून राह्यले' म्हणालं की हशा पिकतो. बहिणाबाईंना माफ, कारण त्या आता छापलेल्या आहेत, चौकटीत आहेत आणि आपल्या हॉलमध्ये येऊन बसणार नाहीत.

इथं कुणी म्हणेल, अहिराणी ही अशुद्ध मराठी आहे, दुरुस्त करायला नको का? 'अशुद्ध' हा शब्द अहिराणीला लागूच होत नाही. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खान्देशी (म्हणजे अहिराणी) भाषा मराठीत न धरता भिल्ली भाषांच्या शेजारी ठेवलेली आहे. 2011 च्या जनगणनेतही खान्देशीची नोंद वेगळी असून ती बोलणाऱ्यांची संख्या साडेअठरा लाखांवर आहे. 'शे', 'मन्हा', 'तुन्हा' ही काही जीभ घसरल्यानं झालेली रूपं नाहीत, ती नेमानं चालतात. पण या पुराव्यावर मी फार भार टाकणार नाही. उद्या कुणी अहिराणी ही निव्वळ बोलीच आहे असं सिद्ध केलं, तर हसण्याचा परवाना थोडाच मिळणार आहे?

प्रमाणभाषा शिकवलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शिरपूरच्या मुलाला सांगलीतल्या माणसाला कळेल असा अर्ज लिहिता आला पाहिजे. तो नाही आला तर त्याचं नुकसान होतं, बोलीचं कौतुक करणाऱ्याचं काही जात नाही. पण शिकवणं आणि लाजवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साहित्य महामंडळाच्या 1962 च्या लेखननियमांतसुद्धा बोलण्यातली रूपं पात्राच्या तोंडी वापरायला मुभा आहे. कादंबरीतल्या पात्राला जी सवलत मिळते, ती बाकावर बसलेल्या जित्याजागत्या पोराला मिळत नाही.

वागण्याचंही तेच. कळण्याची भाकरी शेवभाजीच्या रश्श्यात कुस्करून पाची बोटांनी ओरपणं पाहुण्यांसमोर शोभत नाही, असं घरात सांगितलं जातं. तोच माणूस पुण्यात 'खान्देशी थाळी'चे पैसे मोजून तसंच जेवतो आणि फोटोही काढतो. साताऱ्याकडे नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी गावांतल्या बाया ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालतात. त्या 'बोरीच्या बारा'ला आपण परंपरा म्हणतो आणि त्याच्या बातम्या वाचतो. बाजारात एखाद्या भाजीवालीनं उधारी बुडवणाऱ्याला त्यातली अर्धी शिवी दिली, तर आपण मुलांचे कान झाकतो. तिच्या शिवीला निदान कारण तरी होतं.

या सगळ्यात बोलणाऱ्याचा अपमान होतो हे खरंच, पण मला दुसरं एक नुकसान जास्त सलतं. नाक मुरडणाऱ्याची स्वतःची अभिरुचीच त्यानं बोथट होते. गेल्या काही वर्षांत अहिराणी गाण्यांनी यूट्यूब गाजवलं. 'केसावर फुगे' तर महाराष्ट्रभर हळदीत आणि वरातीत वाजलं. त्यावर देवपुरातला सुशिक्षित शेरा एकच असतो: 'काय ती भाषा!' चाल कशी आहे, ठेका कुठून उचललाय, गाण्यात थट्टा आहे की नुसता चावटपणा, यावर अवाक्षर नाही. अलीकडच्या अहिराणी गाण्यांत पुष्कळ भरताड आहे. बाईला फक्त ठुमकायला उभं केलेली गाणी आहेत, एकाच चालीवर दहा वेळा शब्द बदलून बसवलेली गाणी आहेत. त्यांना टाकाऊ म्हणायला हवं, आणि अहिराणी जाणणाऱ्यानं तर पहिल्यांदा म्हणायला हवं. पण भाषेलाच गलिच्छ ठरवून मोकळं झालेल्या माणसाला त्यातलं चांगलं-वाईट निवडता येत नाही. त्याच्या लेखी आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) गाणं आणि डीजेवरचं गाणं सारखंच.

एखादं अहिराणी गाणं ओंगळ वाटलं तर तसं बेलाशक म्हणावं. मात्र त्याच लग्नात अर्ध्या तासापूर्वी वाजलेलं, तितकंच ओंगळ हिंदी गाणं, ज्यावर सगळी कॉलनी नाचली, त्यालाही तोच शब्द लावायची तयारी हवी. ती नसेल तर डीजेवाला पोरगा आपलं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देईल, आणि त्याचं काही चुकलं असं मला म्हणता येणार नाही.