हीटर लागेपर्यंत

बसा. ओट्यावर पोतं टाकलंय, त्यावर बसा आणि पाय घोंगडीत घ्या. जानेवारीतली पहाट आहे, पाच वाजायचेत. समोर अंगणात जुनी डिझेल जीप उभी आहे, बॉनेटवर गोणपाट पांघरलेलं. आपल्याला ती सुरू करायची आहे, पण लगेच नाही. आधी तिच्या शेजारी थोडा वेळ नुसतं बसायचं आहे.

थंडी पहिल्यांदा कुठे लागते ते बघा. नाकाच्या शेंड्याला, कानांच्या पाळ्यांना, मग बोटांच्या पेरांना. ती झटकू नका. लागू द्या.

निफाडची थंडी बाहेरगावच्या माणसाला खरी वाटत नाही. इथे कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. तिथल्या पाऱ्याचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, आणि राज्यातलं नीचांकी तापमान निफाडला, ही ओळ आम्ही लहानपणापासून वाचतो. काही वर्षी तो पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरला आहे. कारण डोळ्यांसमोर आहे. वर बघा, एक ढग नाही. दिवसभर तापलेली काळी जमीन रात्रभर आपली ऊब त्या उघड्या आभाळात सोडत राहते. गार हवा जड असते. ती गोदावरी-कादवेच्या खोलगट भागात उतरते आणि तिथेच साचते. त्यात उत्तरेकडून वारं सुटलं की झालंच. रात्रीतली सगळ्यात गार वेळ मध्यरात्र नव्हे, उजाडण्याच्या सुमाराची. म्हणजे आत्ता आपण बसलोय तेव्हाही पारा उतरतोच आहे.

आता वास घ्या. धूर येतोय. शेजारच्या बागेत शेकोट्या पेटवल्यात, दोन ओळींच्या मधे, ओलसर पाचट घालून. ज्वाळ नको, धूर हवा. द्राक्षात साखर भरायला लागली की मण्याची साल ताणलेली असते, आणि अशा गारठ्यात मणी तडकतो. वर्षभराची मेहनत त्या एका सालीत असते. कोणी पहाटे ड्रीपचं पाणी सोडतो, कारण विहिरीचं पाणी या वेळी हवेपेक्षा उबदार असतं. हात घालून बघा कधी, कोमट लागतं. सगळा गाव या वेळी एकच काम करत असतो. कुठे थोडी ऊब शिल्लक आहे ती शोधायची आणि जिथे ती कमी पडते तिथे नेऊन पोचवायची.

आता जीपकडे बघा. डोळे मिटून बघितलंत तरी चालेल.

मनानं तिच्या इंजिनात उतरा. आत काळोख आहे, लोखंड गार पडलंय, सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा घट्ट झालेला थर आहे. इथे स्पार्क प्लग नाही. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडते, डिझेलला ठिणगी लागत नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनं १८९०च्या दशकात हे इंजिन घडवलं, आणि त्यातली गोष्ट विचार करावा तितकी नवलाची वाटते: हवा दाबली की हवाच तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, तेच हे. पिस्टन वर येतो, हवा विसाव्या हिश्श्यापेक्षाही कमी जागेत कोंबतो, आणि गरम इंजिनात ती हवा पाचशे अंशांच्या पुढे जाते. त्या हवेत डिझेलचा बारीक फवारा पडला की तो आपोआप पेटतो. आग बाहेरून आणावी लागत नाही.

पण आज आत आलेली हवाच तीन-चार अंशांची आहे. ती दाबून तापते न तापते तोच भोवतीचं गार लोखंड ती ऊब पिऊन टाकतं. आणि गाडी जुनी. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून खाली निसटते. मेकॅनिक ज्याला ‘कॉम्प्रेशन गेलं’ म्हणतात ते एवढंच. भर उन्हाळ्यात हे झिजणं कळतही नाही, ते निफाडच्या पहाटेलाच कळतं. यात गाडीचा दोष कसला. एवढ्या वर्षांत तिनं क्रेट ओढले, कांद्याच्या गोण्या लासलगावला नेल्या, आमच्या घरची दोन बाळंतपणं रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचवली. त्या सगळ्या कामाचं माप तिच्या रिंगांवर आहे.

मी बाविसाव्या वर्षी अशाच एका पहाटे तिच्यावर रागावलो होतो. द्राक्षाची काढणी सुरू होती, बाया फाट्यावर शेकोटी करून वाट बघत होत्या. मी किल्ली फिरवली आणि सेल्फ मारत सुटलो. पुन्हा, आणखी पुन्हा. सेल्फचा आवाज आधी जाड होता, मग लांबत गेला, शेवटी नुसती टिकटिक राहिली. बॅटरी उतरली. गारठ्यात बॅटरीतलं रसायन मंदावतं आणि तिची ताकद घटते. घट्ट ऑइलमुळे इंजिन फिरवायला मात्र जास्त ताकद लागते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आमचे आबा बाहेर आले. बोलले नाहीत. बॉनेटवर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहिले, जनावराला ताप आहे का बघावा तसे. मग म्हणाले, “बस जरा. चुलीवर पाणी ठेव.”

ते पाणी तापेपर्यंतचा वेळ मला अजून आठवतो. तुम्हीही तेवढं थांबा. करण्यासारखं काही नाही. आधण येईल तेव्हा येईल.

आबांनी उकळतं नाही, हाताला सोसेल असं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. गार लोखंडावर एकदम उकळतं पाणी पडलं तर ते तडकू शकतं. मग ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली, इंजिनाचा हीटर लावला, आणि गाडी दुसऱ्या फेऱ्याला लागली. बायांना उशीर झालाच होता. त्या काही बोलल्या नाहीत, हे मला जास्त लागलं.

आता मनानं कालच्या संध्याकाळकडे जाऊ. ऊन उतरलंय. गाडी आत आणली ती तोंड उताराकडे करून लावली. सकाळी सेल्फनं साथ नाहीच दिली तर गिअरमध्ये टाकून ढकलता येते. टाकी भरली, कारण रिकाम्या टाकीच्या पत्र्यावर आतून दव धरतं आणि ते पाणी डिझेलमध्ये उतरतं. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून तळाशी बसलेलं पाणी वाटीत सोडलं. बॅटरीच्या टर्मिनलवर आलेला हिरवट पांढरा बुरा गरम पाण्यानं धुतला, कोरडं करून ग्रीस लावलं. ऑइलच्या डब्यावर २०डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं. त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यात पातळ राहतं. दिवाळीनंतर ऑइल बदलायचं झालं तर हा आकडा बघून घ्यावा.

डिझेलमध्येही मेण असतं. गारठ्यात ते आधी धुक्यासारखं दिसतं, मग दाट होऊन फिल्टर धरतं. आपल्याकडे तिथपर्यंत सहसा जात नाही. लडाखमध्ये मात्र टाकीतलं डिझेलच गोठायचं, ड्रायव्हर टाकीखाली शेकोटी करायचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. त्या ड्रायव्हरांची मला निफाडच्या पहाटे आठवण येते. डिझेलच्या टाकीखाली जाळ करून वाट बघत बसणं म्हणजे काय, याची कल्पना इथे थोडीफार येते.

आता उठा. सावकाश. अंगणात आधी टॉर्चचा उजेड फिरवा. उसातला बिबट्या इथे नवा नाही. बॉनेटवर दोन थापा मारा. संध्याकाळच्या उबेला मांजर आत शिरलेलं असतं. ते गेलं? मग गोणपाट काढा. त्याची आतली बाजू हाताला किंचित कमी गार लागेल.

सीटवर बसा. क्लच पूर्ण दाबा, म्हणजे सेल्फला गिअरबॉक्सचं घट्ट ऑइल फिरवावं लागत नाही. किल्ली अर्धी फिरवा. हीटर लागला.

आता थांबा. आत प्रत्येक सिलिंडरमध्ये एक बारीक कांडी लाल होते आहे. जुन्या हीटरला वीस-पंचवीस सेकंद लागतात. श्वास मोजा. तोंडातून निघणारी वाफ काचेवर बसताना बघा. एक. दोन. तीन. हात किल्लीकडे जाईल, जाऊ देऊ नका. चार. बागेतला धूर हळूच अंगणात येतो. पाच. सहा.

आता सेल्फ.

दोन फेरे जड, तिसऱ्याला एक सिलिंडर पकडतो, मग दुसरा, मग गाडी सगळ्या अंगानं हादरते. मागे पांढरा धूर सुटतो. ते न जळलेलं डिझेल आहे, घाबरू नका. टकटक मोठी येईल. रेस देऊ नका. घट्ट ऑइल वरपर्यंत चढायला वेळ लागतो, तोवर लोखंडाला लोखंडच घासत असतं. पाय पेडलवर नुसता टेकवून बसा आणि ऐका. टकटक हळूहळू मऊ होते. धूर विरळ होतो. स्टिअरिंगची थरथर तळहातातून कोपरापर्यंत येते, आणि बोटांना आपण गार आहोत याचा विसर पडू लागतो.

समोर उष्णतेचा काटा आहे. तो हलेपर्यंत बसा.

हलला. गोणपाट झटका, घडी करून मागच्या सीटखाली टाका. संध्याकाळी लागेल.