गुरुवारची रांग

।। श्री गुरुदेव ।।



गेली दोन वर्षं आपण दर गुरुवारी सकाळी साडेदहाला सुभाष रोडवर खिचडीचा प्रसाद वाटतो. तासाभरात पातेलं रिकामं होतं, आणि आम्ही बायका समाधानानं घरी येतो. मागच्या महिन्यात रांगेतल्या एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीला सहज विचारलं, "बाळ, शाळेला जात नाहीस होय?" ती म्हणाली, "जाते की. गुरुवारी नाही. गुरुवारी तुम्ही येता न्हवं?"

शाळेत दुपारचं जेवण मिळतंच. पण तिच्या सात वर्षांच्या भावाचं नाव शाळेत नाही, म्हणून त्याच्यासाठी ती रांगेत उभी राहते. दुकानांची शटरं पडली की फळीखाली ही माणसं निजतात. आई एकदा शाळेत जाऊन आली होती. जन्मदाखला आणा, आधार आणा, असं कुणीतरी सांगितलं. घरच नाही तिथं कागद कुठं ठेवणार?

त्या रात्री पारायणाला बसलो, पण मन लागेना. ज्ञानोबामाउलींचं चरित्र आपण किती वेळा ऐकलंय! आईबापांविना चार लेकरं, दारोदार माधुकरी, आणि लोकांनी मागितलं काय, तर पैठणचं शुद्धिपत्र. तो प्रसंग ऐकताना आपण डोळे पुसतो. आपल्याच बाजारात कागदावाचून अडलेलं पोर मात्र आपल्याला दोन वर्षं दिसलं नाही. आम्ही त्याच्या द्रोणात खिचडी वाढत होतो.

चौकशी केली तेव्हा कळलं की कायदा मुलाच्या बाजूनं आहे. १ एप्रिल २०१० पासून देशात शिक्षण हक्क कायदा लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्ष सुरू होऊन गेलं म्हणूनही नाही. मोठं झालेलं मूल वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागं राहिलेलं वेगळं शिकवायचं, हेही त्यातच आहे. पोटासाठी गाव सोडलं तर दुसऱ्या शाळेनं टीसीसाठी अडवायचं नाही.

मग आम्ही दोघी त्या आईबरोबर दुसऱ्या एका शाळेत गेलो. वाद घातला नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी आईनं सांगितलेलं वय लिहून घेतलं, पाव तासात काम झालं. आईला एकटीला तो पाव तास मिळाला नव्हता, एवढंच. पोरगं आता जातंय. रात्री अभ्यासाला दिवा नाही, तो प्रश्न तसाच आहे.

आपल्या धारवाडात मुरुघामठाच्या प्रसादनिलयात गरीब मुलांना जेवू घालून शिकवण्याची परंपरा मोठी आहे. तिथं अन्न शिक्षणासाठी होतं. आमच्या अन्नानं शाळा बुडत होती, हे लिहिताना लाज वाटते.

या गुरुवारपासून प्रसाद संध्याकाळी साडेपाचला. काहींचं म्हणणं, सकाळची आरतीची वेळ मोडू नये. आरती सकाळीच होईल, पातेलं तेवढं संध्याकाळी निघेल. शिवाय रस्त्यावरची अजून पाच मुलं शाळेबाहेर आहेत. त्यांच्या आयांबरोबर शाळेपर्यंत जायला कन्नड नीट बोलणाऱ्या चौघी हव्यात. नाव ग्रुपवर टाकावं. ज्यांची खिचडीची पाळी आहे त्यांनी साडेचारला गॅस पेटवावा, उशीर नको.

जय गुरुदेव.