चाव्या मिळाल्यानंतर

मुंबईत टॉवर वर चढू लागला की त्याला प्रेक्षकांची कमतरता पडत नाही. पत्रे ठोकले जातात, पायलिंगचे हादरे सुरू होतात आणि शेजारच्या इमारतीतले निवृत्त गृहस्थ गॅलरीत येऊन उभे राहतात. टपरीवर ‘किती माळ्यांचा?’ अशी चौकशी होते. आत ज्यांनी घर घेतलेलं असतं ते रविवारी पाहुण्यांना रस्त्याच्या पलीकडून बोटाने आपला मजला दाखवतात, बहुतेक वेळा चुकीचा. २०१७ पासून या बघण्याला कायद्याचीही जोड मिळाली. महारेराच्या संकेतस्थळावर विकासकाला दर तिमाहीला प्रगती नोंदवावी लागते. खरेदीदारांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, आणि अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या सह्यांशिवाय ती काढता येत नाही. थोडक्यात, इमारत होताना पाहण्याची इतकी चांगली सोय या शहरात पूर्वी कधी नव्हती.

मग ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) येते, नारळ फुटतो, पुढाऱ्यांच्या हस्ते चाव्या दिल्या जातात, आणि सगळ्यांचं लक्ष पुढच्या खड्ड्याकडे वळतं. माझी तक्रार नेमकी इथे आहे. चाळीस मजली इमारतीचं अवघड काम त्या दिवसापासून सुरू होतं, आणि पुढच्या पन्नास वर्षांवर नजर ठेवायला आपल्याकडे ना नीट नोंदवही आहे, ना तशी सवय.

वरळीच्या बीडीडी चाळींचं उदाहरण घेऊ. १४ ऑगस्ट २०२५ रोजी तिथल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांचं घर, आणि संडास घरात. चाळसंस्कृतीचे गोडवे गाणारे लोक सहसा चाळीत राहत नाहीत, हे लक्षात ठेवलं पाहिजे. मजल्याच्या टोकाला असलेल्या सामायिक संडासासमोर पहाटे रांग लावलेल्या बाईला विचारा, ती टॉवरच मागेल. तेव्हा टॉवर बांधला हे चुकलं, असं मला म्हणायचं नाही.

या चाळींचा इतिहास मात्र इथे उपयोगी पडतो. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या, असा बेत होता. १९२५ च्या आसपास काम थांबलं तेव्हा वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या होत्या, प्रत्येकीत ८० खोल्या. पैसा उभारण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठींवर कर बसवला होता. खोल्या इतक्या कोंदट की सुरुवातीला भाडेकरू मिळेनात, आणि सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. वास्तू म्हणून यापेक्षा वाईट प्रशस्तिपत्रक कोणतं असणार? तरीही या चाळी शंभर वर्षं टिकल्या, आणि त्याही डागडुजीची बोंब असताना. कारण साधं आहे. तळमजला अधिक तीन मजले, जिना, मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. वीज गेली तर लोक बाहेर येऊन बसले, पाणी गेलं तर खालून हंडे भरून आणले. त्या इमारतीत बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतंच.

चाळीस मजल्यांचं तसं नाही. ती इमारत म्हणजे माणसं राहत असलेलं एक यंत्र आहे. तळाच्या टाकीतलं पाणी गच्चीवर चढवायला पंप, तेच पाणी खालच्या मजल्यांवर नळ फोडू नये म्हणून दाब कमी करणारे व्हॉल्व्ह, आगीसाठी वेगळी टाकी आणि वेगळे पंप, जनरेटर, सांडपाण्याचा प्रकल्प, आणि या सगळ्याच्या वर लिफ्ट. तिसाव्या मजल्यावरच्या सत्तर वर्षांच्या माणसाची लिफ्ट दोन दिवस बंद पडली की तो दोन दिवस नजरकैदेत. मुंबई अग्निशमन दलाकडची मोठी शिडी ९० मीटरपर्यंत जाते. त्यावरच्या मजल्यांवर लागलेली आग त्या इमारतीने स्वतःच्याच पंपांनी आणि स्वतःच्याच पाण्याने विझवायची असते. पंप चालू स्थितीत आहे की नाही, हे ज्या दिवशी कळतं तो दिवस उशिराचा असतो.

बांधकामाची पद्धतसुद्धा पाहण्यासारखी आहे. हल्ली बहुतेक टॉवर मायवानने होतात. ॲल्युमिनियमचे साचे, एका माणसाला उचलता येतील असे. खालच्या स्लॅबमध्ये मुद्दाम ठेवलेल्या चौकोनी भोकातून ते हातोहात वर जातात, पिना आणि पाचरी ठोकून जोडले जातात, सळ्यांच्या जाळीत विजेच्या नळ्या आधीच बांधलेल्या असतात. तयार काँक्रीटचा ट्रक येतो, पंप धडधडू लागतो, आणि भिंती व स्लॅब एकदमच ओतल्या जातात. आठवडा-दहा दिवसांत एक मजला. (हे साचे वर देणारी पोरं झारखंडची किंवा मालदा-मुर्शिदाबादकडची असतात, आणि मजला मोजणाऱ्या प्रेक्षकांच्या गप्पांत ती कधीच नसतात.) शिस्त वाखाणण्यासारखी आहे. पण अशा इमारतीत बहुतेक भिंती काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या. चाळीतला माणूस पोटमाळा काढायचा, मोरी सरकवायचा, दोन भाऊ वेगळे झाले की मध्ये प्लायवूड ठोकायचा. इथे खिडकीसाठी भिंत फोडणं म्हणजे वरच्या मजल्यांच्या मुळावर घाव. शंभर वर्षं हातोडी-छिन्नीने घर आपल्या मापाचं करून घेणाऱ्यांना आपण हातोडी न चालणारं घर दिलं. त्यांना ते कोणी समजावून सांगितलं का? चाव्या वाटपाच्या भाषणांत हा विषय येताना मी तरी ऐकलेला नाही.

आता पैशांकडे येऊ, कारण शेवटी कोण राहणार आणि कोण जाणार हे तिथेच ठरतं. वरळीत पहिली बारा वर्षं देखभाल म्हाडा करणार आहे. ही चांगली गोष्ट आहे, आणि चाळकऱ्यांनी लावून धरलं नसतं तर कदाचित तेवढंही मिळालं नसतं. पण बारा वर्षांत इमारत तरुण असते. लिफ्ट बदलायची वेळ विसाव्या-पंचविसाव्या वर्षी येते, पाण्याच्या उभ्या नळ्या त्याच सुमाराला कुजतात, बाहेरचा रंग आणि गळती तर त्याआधीच डोकं वर काढतात. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंडात दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम जमा व्हायला हवी. सोसायट्या सहसा किमानावरच थांबतात. पंचवीस वर्षांत व्याज सोडून सव्वासहा टक्के. चार मजली इमारतीला ते पुरेल, डझनभर यंत्रं सांभाळणाऱ्या टॉवरला नाही. झोपडपट्टी पुनर्वसनात तर वर्षानुवर्षं विकासकाने घरामागे २० हजार रुपये देखभालीसाठी ठेवायचे, असा नियम होता. सात टक्के व्याज धरलं तर महिन्याला सव्वाशेच्या आत. वॉचमनचा पगारसुद्धा त्यात बसत नाही. ही रक्कम पुढे वाढवली गेली, पण तोवर शेकडो इमारती तेवढ्या पैशांवर सोडून दिल्या होत्या.

त्याचा परिणाम ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या जय भवानी इमारतीत दिसला. पुनर्वसनाची, मध्यम उंचीची ती इमारत. आग पार्किंगच्या भागातून वर आली आणि माणसं धुरात सापडून गेली. श्रीमंतांचे टॉवर यातून सुटतात असंही नाही. जानेवारी २०२२ मध्ये ताडदेवला वीस मजली इमारत पेटली तेव्हाही बळी गेलेच. फरक एवढाच की एका ठिकाणी दुरुस्तीचा खर्च टाळलेला असतो, दुसऱ्या ठिकाणी तो पेलवतच नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैमध्ये आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचा ‘फॉर्म बी’ द्यावा लागतो. किती इमारती तो देतात, किती इमारतींत तो पंप न पाहताच भरला जातो, हे तुम्हाआम्हाला सहज पाहता येईल अशी नोंदवही नाही. आणि महारेरा? पुनर्वसनाचे रहिवासी खरेदीदार नसल्यामुळे सर्वसाधारणपणे त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहतात. म्हणजे ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्यांच्याच वाट्याला ते येत नाही.

अमेरिकेत सेंट लुईस शहरात १९५४ च्या सुमाराला प्रुइट-आयगो नावाची ३३ इमारतींची वसाहत उभी राहिली, अकरा मजली, गरिबांसाठी. १९७२ पासून ती सुरुंग लावून पाडावी लागली. आधुनिक वास्तुकलेचा पराभव म्हणून ती छायाचित्रं अजून दाखवली जातात. पण देखभालीचा खर्च रहिवाशांच्या भाड्यातूनच भागवायचा, अशी तिथली व्यवस्था होती. शहराची लोकसंख्या ओसरली, घरं रिकामी पडली, भाडं आटलं आणि लिफ्टही थांबल्या. दोष आराखड्यात थोडा असेल, खतावणीत जास्त होता. उलट सिंगापूरने बहुसंख्य नागरिकांना सरकारी टॉवरमध्ये घरं दिली, पण अंग काढून घेतलं नाही. १९८९ पासून तिथे टाउन कौन्सिलं लिफ्ट, जिने, आवार सांभाळतात आणि त्यासाठी वेगळा निधी बाजूला टाकतात. सिंगापूरची शिस्त मुंबईत येणार नाही, असं लगेच म्हटलं जाईल. शिस्त राहू द्या, निदान निधीची पद्धत तरी घ्या.

यावर एक आक्षेप रास्त आहे. घर फुकट मिळालं, तेही कोट्यवधीच्या भागात. आता लिफ्टचा खर्चही सरकारने करायचा? मालक झालात तर मालकासारखे वागा. मला हा आक्षेप पटला असता, उंची रहिवाशांनी निवडली असती तर. त्यांना मोठं घर हवं होतं. चाळीस मजले ही गरज प्रकल्पाच्या हिशेबाची होती. पुनर्वसनाच्या इमारती जितक्या उंच आणि दाट, तितकी जमीन विक्रीच्या टॉवरसाठी मोकळी, आणि त्या विक्रीतूनच सगळ्याचा खर्च भागवायचा. मग त्याच विक्रीतला ठरावीक हिस्सा चाव्या देण्याआधीच एका निधीत टाकून फक्त त्याचं व्याज लिफ्ट, पंप आणि आगीच्या यंत्रणेसाठी वापरायला हरकत कोणाची असावी? निधी सोसायटीच्या हाती नको, तिथे निवडणुका असतात. म्हाडाच्या सर्वसाधारण खात्यातही नको. इमारतवार वेगळा ठेवावा, आणि त्याची शिल्लक, फॉर्म बी व लिफ्ट निरीक्षकाचा शेवटचा शेरा महारेरावर प्रकल्प दिसतो तसा कोणालाही पाहता यावा.

तसं झालं नाही तर काय होईल, हे गिरणगावात आपण एकदा पाहिलेलंच आहे. कोणी घराबाहेर काढत नाही. मेंटेनन्सचं बिल थकतं, थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लागते, मुलगा म्हणतो, ‘बाबा, हे विकून कल्याणला दोन घरं येतील,’ आणि विक्रीवरच्या बंदीची मुदत संपली की कुटुंब रीतसर, राजीखुशीने, मुद्रांक शुल्क भरून शहराबाहेर जातं.

वरळीच्या बऱ्याच इमारतींची कामं अजून चालू आहेत, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरचीही. तिथे करार झालेले आहेत, पुरवणी करार करायला भांडावं लागेल. शिवडीच्या १२ चाळी मात्र बंदराच्या जमिनीवर असल्यामुळे मागेच राहिल्या. उशिराचा एवढा एक फायदा त्यांना घेता येईल: किती चौरस फूट, हे विचारतानाच तेराव्या वर्षी लिफ्टचं बिल कोण भरणार, तेही मसुद्यात लिहून मागावं.