आधी माती चाचपावी

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मंद उजेडातही तग धरणारे ड्रेसिना हे मूळचे उष्ण प्रदेशातील झाड बहुधा तहानेने मरत नाही, तर रोज न चुकता ओतलेल्या पाण्याने मातीतील हवा संपून मुळे कुजल्यामुळे मरते. म्हणून आधी माती चाचपावी. बोटाच्या पेरापर्यंत ती कोरडी लागली, तरच पाणी घालावे. माणसांच्या बाबतीतही गरज न विचारता केलेली सेवा पुष्कळदा करणाऱ्याच्याच समाधानासाठी असते, आणि घरातील वडीलधारी माणसे ती मुकाट्याने सोसतात. तेथेही आधी माती चाचपावी. ड्रेसिनाच्या पानांची टोके करपली, तर मात्र दोष नेहमी पाणी घालणाऱ्या हाताचा नसतो; नळाच्या पाण्यातील क्षार आणि फ्लोराइड या झाडाला सोसत नाहीत, साठवलेले पावसाचे पाणी मानवते.