पंचशील आणि वेगळा पेला



धम्मदीक्षा घेतल्यावर आपण घरातील देव्हारा काढला. उपासतापास सोडले. तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा भिंतीवर लावली. विहारात जाऊन त्रिसरण-पंचशील म्हणू लागलो. हे सारे आवश्यकच होते. परंतु एवढ्याने आपण बौद्ध झालो काय? हा प्रश्न मला ग्रंथ वाचताना पडला नाही, माझ्याच घराच्या ओट्यावर पडला. म्हणून तो आपल्यापुढे मांडतो.

आम्ही मेहरूणला राहतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतील गटार तुंबली. ती साफ करायला एक माणूस आला. जळगावच्या उन्हात दोन तास राबला आणि आमच्या दारात येऊन त्याने पाणी मागितले. माझ्या आजीने लगेच माठातले गार पाणी आणले. पण पेला त्याच्या हाती दिला नाही. त्याला ओंजळ करायला लावली आणि वरून धार धरली. तो पाणी प्याला व निघून गेला. माझी आठ वर्षांची मुलगी दारात उभी होती. तिने विचारले, "पणजी, पेला का नाही दिला?" आजी म्हणाली, "तो गटारीत उतरतो. त्याले आपला पेला कसा द्यावा?"

मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो. वर्गात मुलांना महाडचा सत्याग्रह शिकवणारा मी एक अक्षर बोललो नाही.

माझी आजी दुष्ट नाही. लहानपणी गावच्या विहिरीवर तिला पाणी शेंदता येत नसे. कोणाला दया आली तर तो वरून ओतायचा, तेव्हा तिची घागर भरायची. हे तिनेच मला अनेकदा सांगितले आहे. मग जिच्या ओंजळीत वरून पाणी पडले, तिचाच हात दुसऱ्यासाठी वर कसा गेला?

कोणी म्हणेल, हा स्वच्छतेचा प्रश्न आहे. तसे असते तर आजीने त्याला साबण व बादलीभर पाणी दिले असते आणि मग पेला दिला असता. माझा मावसभाऊ गाड्यांच्या वर्कशॉपमधून कोपरापर्यंत काळ्या तेलाने माखून येतो. हात धुतो आणि त्याच माठातले पाणी आमच्याच पेल्याने पितो. घाण साबणाने जाते. जी साबणानेही जात नाही असे आपण समजतो, ती घाण नव्हे, तो विटाळ. विटाळ समोरच्याच्या हाताला लागलेला नसतो, आपल्या मनाला लागलेला असतो.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे मर्म हेच सांगितले की तिच्यात विषमतेच्या पायऱ्या आहेत. प्रत्येकाच्या वर कोणी आहे, तसा खालीही कोणी आहे. मडक्यांच्या उतरंडीतले मधले मडके वरच्याचा भार सोसते, पण आपण खालच्यावर बसलो आहोत याचा त्याला आनंद असतो. उतरंड टिकते ती या आनंदावर. दीक्षेने आपण उतरंडीबाहेर पडलो असे म्हणतो आणि पायाखाली एक मडके मात्र शिल्लक ठेवतो. यात धर्म बदलला खरा, पण जागा बदलली नाही.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. आजीने हिंसा केली नाही, चोरी केली नाही, खोटे बोलली नाही. पाचही शीले पाळून वेगळा पेला ठेवता येतो काय? मला वाटते, शिलाचे नुसते शब्द पाळून ठेवता येतो. म्हणूनच बाबासाहेब 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात शिलाजवळ थांबत नाहीत. शिलाबरोबर करुणा हवी आणि करुणेच्याही पुढे मैत्री हवी, असे ते सांगतात. माझ्यापुरता मी याचा अर्थ असा लावतो: तहानलेल्याला पाणी दिले ही करुणा. आपल्याच पेल्याने दिले ही मैत्री. करुणा वरूनही ओतता येते. मैत्रीला मात्र समोरच्याच्या पातळीवर उभे राहावे लागते.

हा अहंकार नुसत्या उपदेशाने जात नाही, हे तथागतांच्या संघाला ठाऊक होते. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली न्हावी होता. राजपुत्रांनी विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्यावी. संघात आधी आलेल्याला नंतर आलेला वंदन करतो. म्हणजे रोज त्याला वंदन करताना आपला शाक्यकुळाचा अभिमान गळून पडेल. पुढे हाच उपाली विनयाचा श्रेष्ठ जाणकार ठरला. येथे समतेवर भाषण झाले नाही, समता रोजच्या वागण्यात बसवली गेली.

आपल्यालाही तेच करावयाचे आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या पाण्यावरचा आपला हक्क मुंबई उच्च न्यायालयात कायम व्हायला १७ मार्च १९३७ उजाडले. तळ्यासाठी दहा वर्षे न्यायालयात भांडता आले. घरातल्या माठासाठी न्यायालय नाही. तेथे आपणच वादी, आपणच प्रतिवादी आणि न्यायाधीशही आपणच.

तेव्हा आपण घरातूनच सुरुवात करू. बाहेरच्यासाठी वेगळा पेला, वेगळी कपबशी असेल तर ती आजच काढून टाकू. झाडूवाली बाई, भंगारवाला, शेतावरचा भिल्ल मजूर यांना नावाने व आदराने हाक मारू. मुलांचे लग्न जुळवताना बौद्धांतही 'आपल्यातले' शोधतो काय, हे स्वतःला विचारू. आणि चूक घडताना गप्प बसू नये. हे शेवटचे मी प्रथम स्वतःला सांगतो, कारण त्या दिवशी आजीपेक्षा माझा दोष मोठा होता. तिला शाळा मिळाली नव्हती.

पावसाळ्यापूर्वी तोच माणूस पुन्हा आला. या वेळी मी उठलो, त्याचे हात धुण्यास पाणी घातले, माठातून पेला भरून त्याच्या हाती दिला आणि त्याच पेल्याने त्याच्यासमोर मीही पाणी प्यालो. आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पेला तिने बाजूला ठेवला, मी तो उचलून पुन्हा माठावर ठेवला. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही. पण मुलगी आता पाणी मागणाऱ्या कोणालाही माठावरचाच पेला देते, आणि तिला आजी अडवत नाही.

जय भीम!