आखाजीचा झोका

संकट टळलं की जपानी माणूस 'योकात्ता' म्हणतो, आपल्या 'बरं झालं'सारखंच. छातीवरून हात खाली फिरवणं हाही त्यांच्याकडचा एक वाक्प्रचार आहे. अडकलेला श्वास जणू हाताने उतरवायचा. खान्देशात हे काम आखाजीचा झोका करतो.

अक्षय्य तृतीयेला जळगाव-धुळ्याकडे आखाजी म्हणतात. गहू-हरभरा घरात आलेला असतो, कापूस विकून झालेला असतो, खरिपाची घाई लांब असते. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. पितरांसाठी घागर भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात; खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो. पण लेकींचा खरा सण निंबाला बांधलेल्या झोक्यावर. सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाचं कौतुक, सगळं तिथे खुल्या गळ्याने गायचं. वर्षभर चुलीपुढे गिळलेलं चारचौघींत बाहेर येतं आणि कुणी 'गप्प बस' म्हणत नाही. आसोद्याच्या लेकीने, बहिणाबाई चौधरींनी (1880–1951), या आखाजीवर गाणंच रचलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईला हा झोका किती मोलाचा वाटला असेल!

मला वाटतं, नुसत्या सुटकेने माणूस सुटत नाही. ऐकणारं कुणीतरी लागतं. दुःखात लोक भेटायला येतात. टळलेल्या दुःखाची विचारपूस मात्र कुणी करत नाही. दवाखान्यातला रिपोर्ट चांगला आला की 'चला, बरं झालं' म्हणून घर कामाला लागतं, आणि ज्या आईने रात्री जागून काढल्या तिच्या छातीतली धडधड तशीच राहते.

पुरुषांना तर मन मोकळं करायची मुभा आणखी कमी. रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात घडांनी लगडलेली केळीबाग बघता बघता आडवी होते. वादळ बाजूने निघून गेलं, तर शेतकरी सकाळी बागेत एक चक्कर मारतो आणि पाण्याची पाळी बघायला लागतो. रात्र कशी काढली, हे बायकोलाही सांगत नाही.

वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचं सालही आखाजीलाच संपतं. हिशेब चुकता होतो, नवं साल ठरतं. पण 'साल कसं गेलं रे भाऊ?' असं त्याला विचारणारं कुणी असेलच असं नाही.